सोलापूरहून खाडीकाठी शिबिर: कांदळवन लावावं की दुसरं काही?

भीमातीर (सोलापूर)

आमच्या महाविद्यालयाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर डिसेंबरमध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात ठरतंय. ४० मुलं-मुली आहेत, निम्मी स्थापत्य शाखेची. विषय आहे, बदलत्या हवामानाला किनाऱ्यावरची गावं मिळून कशी तोंड देतात. कांदळवनाची, म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांची, २,००० रोपं लावावीत असा प्रस्ताव आलाय. रोपं कुठे मिळतील, किती अंतरावर लावायची आणि ती जगतील का? गावाच्या जास्त उपयोगाचं दुसरं काम असेल तर तेही सांगा. सोबत डंपी लेव्हल (उंची-सखलपणा मोजायची दुर्बीण), तिच्या दोन स्टाफ (मोजपट्ट्या), टेप आणि ईसी मीटर (मातीचा खारटपणा मोजायला) आणू शकतो. भरती-ओहोटी मात्र आमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेली नाही.

उघाडी

रोपांचं नंतर बघू, आधी बांध. भात निघून गेलेलं असतं, त्यामुळे डिसेंबरपासून पुढे खारबांधाच्या कामाचेच महिने. आणि तुमच्याकडे डंपी लेव्हल आहे, जी गावाकडे सहसा नसते.

खारबांध म्हणजे खाडीच्या चिकट मातीचा बांध. आत भातशेती, बाहेर भरतीचं पाणी. बांधाची खरी उंची म्हणजे त्याच्या सर्वांत सखल जागेची उंची. ३ किलोमीटरच्या बांधात ५ मीटरचा तुकडा वीतभर खचला असला, तर उधाणाचं पाणी तिथूनच ओसंडतं, आतला उतार खरवडतं आणि खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पाडतं. पाणी मग ती जागा ज्याच्या शेतासमोर आहे त्याच्यापुरतं थांबत नाही, सगळ्या खाराचं, म्हणजे बांधाआतल्या शेतीचं, भात जातं. म्हणूनच बांधाचं काम घरटी माणूस काढून करायची पद्धत पडली. जिथे ती मोडली तिथे बांध राहत नाही, मग सरकारी पैसा कितीही येवो.

तुम्ही बांधावर दर २५ मीटरला खुंटी ठोका, ३ किलोमीटरला १२१ खुंट्या होतील. प्रत्येक खुंटीपाशी माथ्याची पातळी घ्या. दोन खुंट्यांच्या मध्ये बैलगाडीची किंवा गुरांची वाट बांध ओलांडत असेल तर तिथली वेगळी घ्या, सखल जागा बहुतेक तिथेच सापडते. मोजायचं उधाणाच्या पाण्याच्या खुणेपासून. ती खूण मिळवायला संध्याकाळी ओहोटीला उघाडीच्या (बांधातून पाणी सोडायच्या दाराच्या) बाहेरच्या दगडी भिंतीवर गेरूचा उभा जाड पट्टा ओढा. रात्रीची भरती तो जिथवर धुऊन नेईल ती त्या रात्रीची पातळी. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीची भरती दिवसापेक्षा मोठी असते, म्हणून खूण रात्रीचीच धरा. वर्षातली कमाल मात्र ही नव्हे. भरतीच्या तक्त्यातला वर्षाचा सर्वांत मोठा आकडा आणि त्या रात्रीचा आकडा यांतला फरक वर मिळवा. त्याहून निदान १ मीटर वर माथा हवा, कारण पावसाळ्यात लाटा आणि वारा वेगळे.

बिळंही मोजा. खेकड्याचं बीळ बाहेरून आत आरपार गेलं असेल तर भरतीला आतल्या बाजूने गढूळ पाणी झिरपताना दिसतं. स्वच्छ पाणी असेल तर नुसती झिरप. गढूळ म्हणजे बांधाची माती वाहून चालली आहे. वरून माती लोटून भागत नाही. बीळ बाहेरच्या तोंडाकडून खणून मोकळं करायचं, ओली चिकणमाती वीतभर थरात भरायची आणि प्रत्येक थर धुमसायचा, म्हणजे ठोकून घट्ट करायचा. सुकी ढेकळं टाकली तर मधल्या पोकळ्यांतून पहिल्याच उधाणाला पाणी वाट काढतं. नवी माती बसते, तेव्हा उंची दहा-पंधरा टक्के जास्त धरा.

उघाडीला बाहेरच्या बाजूने झडपा असतात. भरती त्या दाबून बंद करते, ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून उघडतं. बिघाड ठरलेले: उंबरठ्यात ओंडका किंवा प्लास्टिक अडकणं, बिजागरी गंजणं, बाहेरचा नाला गाळाने भरणं. आणि मासळीसाठी कुणी झडप मुद्दाम उघडी ठेवणं. हे शेवटचं यंत्राने सुटत नाही, शेतकरी आणि मासेमारी करणारे एकत्र बसूनच सुटतं. उत्तर हिंद महासागराची पातळी १९९३ ते २०१७ दरम्यान वर्षाला सरासरी ३.३ मिमी चढली, म्हणजे जवळपास ८ सेंमी. बाहेरचं पाणी जितकं वर, तितका झडप उघडी राहायचा वेळ कमी, आणि पावसाचं पाणी शेतात जास्त तुंबतं.

पहिल्याच दिवशी एक चौकशी करा. बांध खारभूमी विभागाच्या योजनेतला आहे की खासगी? खासगीची देखभाल जमीनमालकांनी मिळून करायची असते. सरकारी असेल तर विभागाला कळवल्याशिवाय कुदळ लावू नका.

तिवरकाठ

डिसेंबरात २,००० रोपं लावू नका, ही कळकळीची विनंती.

तिवर आणि कांदळ ही कांदळवनातली झाडं. तिवराच्या बिया पावसाळ्यात पिकून गळतात आणि कांदळाच्या शेंगाही साधारण त्याच सुमाराला मिळतात. तेव्हा लावलेलं रोप गोड्या पाण्यावर मूळ धरतं. डिसेंबरात लावलेल्याला पुढचे सहा महिने चढत जाणारा खारटपणा सोसावा लागतो.

त्याहून महत्त्वाची जागा. फोटोत छान दिसतो म्हणून उघडा चिखल निवडला जातो. तो बहुधा मधल्या भरतीपातळीच्याही खाली असतो. रोप दिवसाचा बराच वेळ पाण्यात बुडतं, खोडाला शिंपल्यांसारखे कवचाचे जीव चिकटून ते वजनाने आडवं होतं. जिथे तिवराची लहान रोपं आपोआप उगवलेली दिसतात ती योग्य पातळी. तिथे लावायची गरजच नसते, गुरं अडवली तरी पुरतं. आणि योग्य पातळीवरही काही उगवत नसेल तर पाणी कुठे तुंबलंय किंवा अडलंय ते शोधा. तमिळनाडूत पिचावरमला एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने माशाच्या काट्यासारखे चर काढले, मुख्य चर आणि त्याला तिरपे फाटे. तुंबलेल्या खारट खळग्यांत भरतीचं पाणी पुन्हा खेळू लागलं आणि मग तिथे झाडं धरली.

तिसरी गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते. खांड पडून वाया गेलेल्या भातखाचरात कांदळवन लावू नका. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची बंदी आहे, २०१८ च्या निकालाने ती पक्की झाली. खाचरात एकदा तिवर वाढला की बांध दुरुस्त करून ती जमीन परत पिकवणं शेतकऱ्याला जवळजवळ अशक्य होतं. रायगडात हा फार दुखरा विषय आहे. तुमची ४० मुलं चांगल्या मनाने एखाद्या घराची शेती कायमची घालवून येतील. कांदळवन हवं ते बांधाच्या बाहेरच्या पट्टीत, लाटेचा जोर मोडायला. बांधाच्या उतारावर नको, झाड मेलं की कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती वाट होते. जागा, बिया आणि परवानगी यांसाठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी बोला आणि लावणी पुढच्या पावसाळ्यात गावालाच करू द्या.

काळी माती (मोहोळ)

ईसी मीटर नक्की न्या, पण आपल्या भागातला हिशेब तिथे लावू नका. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे कालव्याखाली जी चोपण जमीन झाली, तिच्यात विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून बसलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या वर असतो, म्हणून आपण जिप्सम टाकतो. खाडीकाठची जमीन मुख्यतः क्षारयुक्त असते. तिला जिप्समचं पोतं नको, निचरा आणि गोडं पाणी हवं. आपल्याकडे साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिकडे ३,००० च्या वर. धुऊन काढायला पाऊस मुबलक आहे, फक्त ते पाणी उघाडीतून बाहेर जायला हवं.

लावणीपूर्वी पहिल्या पावसाचं पाणी खाचरात वीतभर साठवून ओहोटीला सोडायचं, असं दोन-तीनदा करतात. नंतर खाचर कोरडं पडू द्यायचं नाही, उघडीप लांबली की खालचा क्षार वर चढतो. खारपट्ट्यासाठी पनवेल १, २ आणि ३ या भाताच्या जाती आहेत, कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या.

नमुने ०-१५ आणि १५-३० सेंमी असे वेगळे घ्या. माती-पाणी १:२.५ मिसळून आलेला आकडा संपृक्त अर्काच्या (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याच्या) आकड्यापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे जमीन क्षारयुक्त ठरवायची ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरची मर्यादा त्याला थेट लावू नका. अहवालात पद्धत लिहा. आणि मे महिन्यात त्याच जागांची माती मागवून पुन्हा तपासा, डिसेंबरचा आकडा खोटा दिलासा देतो.

भीमातीर

रोपांचा प्रस्ताव मागे घेतो. बांधाची मोजणी, बिळं आणि माती एवढंच ठेवतो. तारखा अजून हातात आहेत, कोणत्या घ्याव्यात? आणि तिथे एक ६ मीटरची खांड आहे म्हणतात, ती मुलांकडून बुजवून घेता येईल का?

उघाडी

पौर्णिमेला किंवा अमावास्येला पोहोचा. भरतीची वेळ म्हणजे तिथीची पाऊणपट. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. मोठं उधाण पुढच्या एक-दोन दिवसांत येतं, गेरूचा पट्टा तेव्हा ओढा. सप्तमीला भरती सव्वापाचच्या सुमाराला आणि भांगाची, म्हणजे लहान. भर दिवसा ओहोटी मिळते, मातीकाम तेव्हा. खाडीत आत गेलात तर वेळ अर्धा-पाऊण तास पुढे धरा.

खांड मुलांकडून नको. तोंडाशी पाण्याची ओढ माणूस पाडणारी असते आणि खाली खोल डोह झालेला असतो. सरळ रेषेत बुजवायला गेलं की सगळी माती त्या डोहात जाते, म्हणून उथळ बाजूने घोड्याच्या नालासारखा वळसा घेतात. ६ मीटरच्या खांडीला वळसा साधारण १५ मीटरचा. उंची दीड मीटर, माथा १ मीटर आणि उतार एकास एक धरले तर ५६ घनमीटर भराव होतो. बाहेरची अर्धी जाडी गोणींची केली तर एक गोणी ०.०३ घनमीटरने हजाराच्या आत गोण्या लागतात. दोन्ही टोकं आधी बांबूच्या मेखांनी पक्की करायची आणि शेवटचं तोंड भांगाच्या एकाच ओहोटीत मिटवायचं. अर्धवट राहिलं तर पुढची भरती केलेलं सगळं नेते. मुलांनी बांधाच्या आतल्या बाजूला, पाण्यापासून दूर बसून गोण्या भराव्यात, तेवढी मदत मोठी आहे. गोणी पाऊणच भरा, गच्च भरलेली एकमेकींवर बसत नाही. शेतातली सुकी माती नको, चिकण खाडीची.

होडीकाठ

अजून एक काम, अर्ध्या दिवसाचं. चक्रीवादळाची सूचना हवामान खात्याकडून टप्प्याने येते: ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तासांवर सतर्कता, २४ तासांवर इशारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगरजवळ आलं तेव्हा गावांना वीज आणि फोन दोन्ही गेले होते, त्यामुळे वॉट्सअ‍ॅप गटावर विसंबता येत नाही. गावासोबत बसून एक कागद करा. ४८ तासांवर उघाडीची झडप कोण तपासणार, होड्या कोण वर ओढणार, कुठल्या घरात एकटी वयस्क व्यक्ती आहे आणि तिच्याकडे चालत कोण जाणार. प्रत्येक कामाला दोन नावं, एक दर्यावर गेलेला असू शकतो. कागद ग्रामपंचायतीत लावा आणि एक प्रत उघाडीजवळच्या घरात ठेवा.

पायात गमबूट नकोत, चिखलात रुतून बसतात. जुने लेसवाले कॅनव्हास बूट आणि जाड मोजे आणा. कालवांच्या, म्हणजे दगडांना चिकटलेल्या शिंपल्यांच्या, कडा ब्लेडसारख्या कापतात.