हिरोज ३: रॅम्पार्ट घेतलं की तिसऱ्या आठवड्यात मागं पडतो, सल्ला द्या

रंकाळा_रेंजर:
मंडळी, आम्ही चौघं दर रविवारी राजारामपुरीत मित्राच्या रूमवर हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ हा कॉम्प्युटर गेम खेळतो, हॉटसीटवर, म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं. माझं टाउन (गेममध्ये निवडायचं शहर) कायम रॅम्पार्ट, ते मला लई आवडतं, पण तिसऱ्या आठवड्यात बाकीच्यांची आर्मी माझ्या दीडपट असते. आधी सोन्याच्या बिल्डिंगा बांधू का आर्मीच्या? आणि दुसऱ्या हिरोवर (फौज घेऊन मॅपवर फिरणारा सेनापती) २५०० सोनं घालावं का? मॅप मीडियम.

शाहूपुरी_सेंटॉर:
भावा दुसरा हिरो पहिल्याच दिवशी घे, यात विचार करायचाच नाही. त्याच्यासोबत थोडी फौज येते ती मेन हिरोला दे, आणि त्याला एक सेंटॉर (रॅम्पार्टचा सैनिक) ठेवून लाकूड, ओर (खनिज) गोळा करायला सोड. सॉमिल (लाकडाची गिरणी) आणि ओर पिट (ओरची खाण) रोज २-२ देतात, ते सुरुवातीलाच ताब्यात पाहिजेत.
आता सोनं. टाउन हॉल २५०० ला, रोज ५०० वाढतात. सिटी हॉल ५००० ला, १००० वाढतात. कॅपिटॉल १०,००० ला, २००० वाढतात. म्हणजे तिन्ही पाच दिवसात वसूल, मग जेवढं लवकर तेवढं चांगलं, मी तर थेट कॅपिटॉलपर्यंत जातो.

पंचगंगा_काठ:
हिरोचं एकदम बरोबर, पण मीडियम मॅपवर पहिल्या आठवड्यात कॅपिटॉलच्या मागं लागणं मला पटत नाही. दिवसाला एका टाउनमध्ये एकच बिल्डिंग होते, त्यामुळं दिवस मोजून वापरायला लागतात. टॅव्हर्न आणि फोर्ट आधीच असेल तर टाउन हॉल, मार्केटप्लेस, ब्लॅकस्मिथ, मेज गिल्ड, सिटी हॉल, सिटाडेल, कॅसल, झाले सात दिवस. सिटाडेलनं क्रिएचरची, म्हणजे भरतीला मिळणाऱ्या सैनिकांची, आठवड्याची वाढ दीडपट होते, कॅसलनं दुप्पट, आणि ती मिळते नव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी. कॅसल आठव्या दिवशी बांधलास तर त्या आठवड्याची जादा वाढ गेली ना हातची! कॅपिटॉलला कॅसल लागतोच, म्हणून काही वाया जात नाही. शेजारी जवळ असेल तर मात्र सिटी हॉल पुढं ढकल आणि मधे एल्फची बिल्डिंग घाल.

रंकाळा_रेंजर:
धन्यवाद दोघांना, हा क्रम लिहून घेतला. रॅम्पार्टच्या ट्रेझरी बिल्डिंगचं काय? आणि माझा मेन हिरो फार हळू चालतो राव.

पंचगंगा_काठ:
ट्रेझरी दुसऱ्या आठवड्यानंतर बघ. नव्या आठवड्याला शिल्लक सोन्यावर १० टक्के मिळतात, म्हणून सातव्या दिवशी भरती करू नकोस, पुढच्या दिवशी व्याज हातात आलं की मग कर, क्रिएचर टाउनमध्ये तसेच थांबलेले असतात. दारात शत्रू असेल तर अर्थात आधी भरती.
तुझा हिरो हळू चालतोय तो फौजेतल्या ड्वार्फ नाहीतर डेंड्रॉइड या सैनिकांमुळं, दोघांचा स्पीड ३. दिवस सुरू होताना आर्मीत जो सगळ्यात हळू असतो त्याच्यावर हिरोची चाल ठरते. या दोघांना मागच्या हिरोकडं ठेव, मेनकडं सेंटॉर, एल्फ, पेगासस एवढेच. मोठी लढाई असेल त्या दिवशी मागचा हिरो जवळ आणून दोघांना मेनकडं घे, लढाई झाली की दिवस संपायच्या आत परत दे.