प्रति: राडारोड्याचे नमुने वरवरचे पुरतील का?
पाडकामाचा काँक्रीट-विटांचा राडारोडा निरुपद्रवी असतो, प्रदूषण तपासायला ढिगाच्या वरवरचे चार नमुने पुरेत, हे चर्चेतलं आधीचं म्हणणं अर्धंच पटतं. ताज्या फुटलेल्या काँक्रीटच्या चुऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्याचा सामू (pH) 11-12 पर्यंत जातो, म्हणजे ते खूप अल्कधर्मी होतं, तेव्हा ढिगाच्या पायथ्याशी साचलेलं पाणी आधी तपासा. शिवाय कारखान्याच्या आवारात नको असलेला माल ढिगाच्या पोटात दडवला जातो, वर विटाच दिसतात. जेसीबीने मूळ जमीन लागेपर्यंत खड्डे घ्या आणि तिथल्या मातीचा वेगळा नमुना काढा. रॉकेलसारखा वास येणारी माती इतर नमुन्यांत कालवू नका. ढवळताना बाष्पनशील (सहज वाफ होणारी) द्रव्यं उडून जातात आणि अहवाल खोटाच स्वच्छ येतो. काचेची बरणी काठोकाठ भरून लगेच 4 अंश सेल्सिअसवर ठेवा.

जिप्सम बोर्डाचा (छताला-भिंतींना लावतात त्या पांढऱ्या पाट्यांचा) मुद्दा चर्चेत आलाच नाही. लाकूडफाट्यासोबत तो ओला दबून राहिला, हवा मिळाली नाही, की जिवाणू त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्यांचा वास अचानक थांबला तर वायू गेला असं समजू नका, जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो. खड्ड्यात कुणीही उतरू नये, नमुना जेसीबीच्या बकेटमधूनच घ्यावा. जुने सिमेंटचे पत्रे दिसले तर अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक असे खनिज तंतू) आहे असंच धरा आणि हात लावण्याआधी पाणी मारा.