'उत्सर्जन तीव्रता' म्हणजे नेमकं काय कमी होणार?

जळगावहून :
मी इथे स्पर्धा परीक्षेची पोरं शिकवतो. परवा पेपर तपासत होतो तर निम्म्याहून जास्त जणांनी एकच वाक्य लिहिलेलं, "भारत २०३० पर्यंत उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करणार". हे चूक आहे, पण पोरांना तरी काय बोलणार, गाईडमध्ये तसंच छापलंय आणि पेपरच्या बातमीतही मी तसंच वाचलंय. भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांना जे लक्ष्य कळवलं ते असं की जीडीपीची 'उत्सर्जन तीव्रता' २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के कमी करू. म्हणजे देशाच्या उत्पन्नातल्या एकेका रुपयामागे किती कार्बन हवेत जातो तो आकडा. एकूण धूर नव्हे. माझं म्हणणं असंय की हा सगळा घोळ 'तीव्रता' या शब्दाने घातलाय. आपल्याकडे ताप तीव्र असतो, भूकंपाची तीव्रता असते, मे महिन्यात भुसावळचं ऊन तीव्र असतं. तीव्रता कमी झाली म्हणजे त्रास कमी झाला, असंच मराठी माणूस ऐकणार ना.

गावी आमच्या आबांना हे समजावायला बसलो तेव्हा डिझेलचा हिशोब मांडला. समजा जुनं इंजिन एकरी १० लिटर खायचं आणि रान होतं ५ एकर, म्हणजे ५० लिटर. नवं इंजिन एकरी ६ लिटरच खातं पण आता रान झालं १२ एकर, म्हणजे ७२ लिटर. एकरी ४० टक्के बचत झाली आणि तरी टाकी जास्तच रिकामी झाली. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग धूर कमी व्हयना का नही?" नाही झाला आबा. देशाचंही तसंच झालंय, २००५ ते २०२० मध्ये तीव्रता ३६ टक्के उतरली आणि त्याच काळात एकूण उत्सर्जन वाढलं. यात लपवाछपवी आहे असं मी म्हणत नाही. आपलं दरडोई उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, घराघरात वीज आत्ता कुठे नीट पोचतेय, अशा देशाने आधी तीव्रतेचं लक्ष्य घेणं मला तरी रास्त वाटतं. फक्त त्याला दुसऱ्या कशाचं नाव देऊ नये.

मला सुचलेला शब्द : 'रुपयामागे उत्सर्जन'. 'दरडोई उत्सर्जन' कोणालाही लगेच कळतं कारण त्यात 'दर' आहे. एकरी उतारा, क्विंटलमागे रुई, हे तर इथल्या कापूसवाल्याच्या तोंडातच असतं. मग इथेच ते 'मागे' का गाळायचं?

भुसावळहून :
सर, तीव्रता हा शब्द फिजिक्समध्ये बसलेला आहे, तो काढता येणार नाही असं वाटतं. पण 'मागे'वाली गोष्ट शंभर टक्के पटली, आम्ही दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात रोज तेच मोजतो, एका युनिटमागे किती कोळसा जळला. ६६० मेगावॅटचा नवा संच सुपरक्रिटिकल आहे, म्हणजे जास्त दाबाच्या, जास्त तापलेल्या वाफेवर चालतो, जुन्या २१० च्या संचापेक्षा युनिटमागे कोळसा कमी लागतो. पण चिमणी शेवटी नवीच उभी राहिली ना. तीव्रता उतरली आणि धूर राहिला, ही तुमची व्याख्या इथे गेटबाहेर उभं राहून डोळ्यांनी बघता येते.

अजून एक जोडी घ्या चर्चेला. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळशाबद्दल मसुद्यात 'फेज आऊट' होतं, ते शेवटच्या क्षणी भारताच्या आग्रहाने 'फेज डाऊन' झालं. मराठी बातम्यांत दोन्हीकडे 'टप्प्याटप्प्याने' एवढंच लक्षात राहतं आणि पुढचं 'बंद करणे' की 'कमी करणे' हे कोणी वाचतच नाही. आमच्या कॉलनीत मात्र याच एका क्रियापदावर पोराने आयटीआय इथे करायचं की पुण्याला जायचं हे ठरतं.

साक्रीहून :
भाऊ, 'क्षमता' पण घ्या यात. २०२५ मध्ये बातमी आली की देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळसा-गॅस सोडून आहे, म्हणजे २०३० चं लक्ष्य पाच वर्षं आधीच गाठलं, आणि ते खरंय, आनंदाचंही आहे. पण लोक म्हणायला लागले निम्मी वीज सोलरची झाली. क्षमता वेगळी, निर्मिती वेगळी. तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून पाऊणाच्या आसपास आहे. आमच्याकडे शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ पासून आहे, संध्याकाळी सातला घराघरात टीव्ही मिक्सर सगळं चालू असतं तेव्हा त्या प्लेटा गार पडलेल्या असतात. क्षमता तेव्हाही १२५ च, निर्मिती शून्य.

आणि 'निव्वळ शून्य' (नेट झिरो, भारताचं २०७० चं लक्ष्य) पण जरा बघा. निव्वळ म्हटलं की आधी 'निव्वळ थापा' आठवतं, म्हणजे नुसतं, फक्त. २०७० ला निव्वळ शून्य म्हणजे धूर पूर्ण बंद असं माझ्या भाच्याला वाटलेलं.

जळगावहून :
ताई, 'निव्वळ' मी ठेवीन, कारण दुकानाच्या वहीत ढोबळ नफा आणि निव्वळ नफा असतोच. जेवढं सोडलं त्यातून झाडांनी, जमिनीने किंवा यंत्राने शोषलेलं वजा केलं आणि बाकी शून्य, एवढं एक वाक्य जोडलं की काम होतं. क्षमतेचं मात्र तुमचं अगदी खरंय, ते शिकवताना माझ्याकडूनच सुटलं होतं.

भुसावळच्या दादांना एवढंच की तीव्रता काढू नका म्हणालात तर ठीक, पण पहिल्यांदा येईल तिथे 'रुपयामागे' लिहावंच लागेल. चीनचं बघा, २०३० साठी तीव्रता ६५ टक्क्यांहून जास्त कमी करू म्हणाले होते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २०३५ साठी पहिल्यांदा एकूण उत्सर्जनच शिखरापासून ७ ते १० टक्के उतरवू असं जाहीर केलं. मराठीत दोन्हीला 'कपात' म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल चीन ६५ वरून १० वर घसरला, आणि प्रत्यक्षात दुसरं वचन जास्त अवघड आहे.

सोमवारी फळ्यावर दोन रकाने करतोय, 'रुपयामागे' आणि 'एकूण'. वर आबांचा प्रश्न, अहिराणीतच.