एकाच झुडपावर जांभळी आणि पांढरी फुले: हे कोणते झाड?

प्रश्न: माझ्या कुंडीतल्या झुडपावर गडद जांभळी फुले उमलतात, दुसऱ्या दिवशी फिकट होतात आणि तिसऱ्या दिवशी पांढरी पडतात. पाच पाकळ्यांच्या मधोमध बारीक पांढरा ठिपका असतो. नवी पाने मात्र पिवळी पडली असून शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. हे कोणते झाड असावे?

प्रतिसाद १: हे मूळचे ब्राझीलचे ब्रुनफेल्सिया आहे, तीन दिवसांत बदलणारा रंग हीच त्याची खूण. पानांचे लक्षण लोहाच्या कमतरतेचे दिसते, कारण माती अल्कधर्मी झाली की मुळांना लोह शोषता येत नाही, म्हणून कुजलेला पालापाचोळा मिसळून चिलेटेड लोह (मुळांना सहज शोषता येईल अशा रूपातले लोह) द्यावे.

प्रतिसाद २: छाटणी बहर ओसरल्यावरच करावी. घरात कुत्रा असल्यास कृपया झाड त्याच्यापासून दूर ठेवा. याची फळे आणि बिया कुत्र्यांना जीवघेण्या ठरू शकतात.