बेळगावात सात वर्षांच्या मुलीसाठी स्विमिंग टीम

नमस्कार मंडळी,

जूनअखेर आम्ही न्यू जर्सीतलं घर आवरून कायमचे बेळगावला निघालोय, सासूबाईंकडे, शहापुरात. मुलगी सात वर्षांची आहे. गेले दोन उन्हाळे ती इथल्या वस्तीच्या टँकवर समर लीगमध्ये पोहतेय, आठ वर्षांखालच्या गटात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 25 यार्ड, डोक्यावर टीमची लाल टोपी, शनिवारी सकाळी मीट म्हणजे स्पर्धा, आणि रिलेसाठी ठरलेल्या चौघी मैत्रिणी. आपण जाणार हे कळल्यावर ती रडली नाही. एवढंच विचारलं, "तिकडे माझी टीम असेल ना?"

शाळा ठरली, सामान जहाजाने निघालं, पण याचं उत्तर माझ्याकडे नाही. नुसता क्लास नको आहे, बरोबरीची मुलं असलेली टीम हवी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं कोणी असेल तर कृपया सांगा.

न्यू जर्सीहून, शहापूरची सून

•

अगं,

टीम मिळेल की! मी टिळकवाडीत परत येऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुलं इथेच पोहली, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे "टीम" म्हणून विचारलंस तर लोक तुला क्रिकेटचं मैदान दाखवतील. "क्लब" म्हणून विचार. टँकवर दोन तऱ्हेची मुलं असतात. एक सुट्टीतल्या शिकाऊ बॅचची. एप्रिल-मेमध्ये अख्खं गाव टँकवर लोटतं आणि शाळा सुरू झाली की पांगतं. दुसरी क्लबची, वर्षभर नेमाने येणारी. तुझ्या लेकीच्या मैत्रिणी या दुसऱ्या घोळक्यात सापडतील. तू जूनअखेर येतेस ते बरंच आहे, गर्दी ओसरलेली असेल आणि उरलेली पोरं खरी पोहणारी असतील.

शहापूरहून जवळ पडेल तो गोवावेसचा रोटरी-कॉर्पोरेशनचा टँक. दुसरा नेहरूनगरला, केएलई या शिक्षणसंस्थेचा सुवर्ण जेएनएमसी टँक, ऑलिंपिक मापाचा, म्हणजे 50 मीटर. क्लबांमध्ये आबा क्लब, हिंद क्लब, स्विमर्स क्लब आणि ॲक्वेरियस ही नावं तुला टँकवर ऐकू येतील. सध्या कुणाची लहान मुलांची बॅच कुठे आणि किती वाजता, ते फोनवर विचारू नकोस. स्वतः जा.

50 मीटरचं आधीच सांगून ठेवते. 25 यार्ड म्हणजे जेमतेम 23 मीटर. तिकडे तिला भिंत लवकर हाताला लागायची, इथे ती दुपटीहून लांब. आमची धाकटी अशाच छोट्या टँकवरून मोठ्यावर गेली तेव्हा मधेच दोरीला धरून उभी राहिली आणि "मला पोहायला येत नाही" म्हणून हुंदके देऊ लागली. येत होतं गं, भिंत आली नाही म्हणून घाबरली. कोचने तिला महिनाभर आडव्या रुंदीत पोहवलं, मग लांबीत सोडलं. असा धीराचा कोच बघ.

पैसे भरण्याआधी एक तास काठावर बस आणि कोचचे डोळे कुठे आहेत तेवढं बघ. मोबाईलवर आहेत की पाण्यावर? बुडणारं मूल ओरडत नाही. त्याला श्वासच घेता येत नसतो, ते निमूटपणे खाली जातं. एका कोचकडे वीस-पंचवीस लहानगी असतील आणि पाण्यावर लक्ष ठेवायला वेगळं माणूस नसेल तर तशीच घरी ये.

थोरल्याच्या वेळी मी हे पाहिलं नाही. एका ठिकाणी (नाव घेत नाही) "ढकललं की आपोआप शिकतात" म्हणून त्याला खोल बाजूला लोटलं. मी काठावर होते आणि गप्प राहिले, सगळेच असं करतात असं वाटून. पुढची दोन वर्षं तो डोक्यावर तांब्या ओतू देत नव्हता. आजही त्या दिवसाचा मला राग येतो, त्यांचा आणि माझाही.

आणखी एक. टँकच्या आवारात शिरताच डोळे झोंबले, उग्र वास आला, तर "क्लोरीन भरपूर आहे, पाणी स्वच्छ आहे" असं कोणी सांगेल. वास निव्वळ क्लोरीनचा नसतो, क्लोरीन घाम आणि लघवीशी मिसळून झालेल्या द्रव्याचा असतो. चांगल्या पाण्याला वास जवळजवळ नसतो आणि तळाची रेघ स्पष्ट दिसते.

स्पर्धांचं तू विचारलं नाहीस, पण पुढे प्रश्न येणारच. आपली मुलं कर्नाटकातून उतरतात. कोल्हापूर 110 किलोमीटरवर. बीजिंग ऑलिंपिकमध्ये, 2008 साली, पोहलेला वीरधवल खाडे तिथला. तरी राज्य स्पर्धेसाठी बेळगावच्या पोरांना पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूची वाट धरावी लागते. रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, सकाळी उतरून थेट टँक. तिथे बसवनगुडीसारख्या मोठ्या केंद्रांत तयार झालेल्या पोरांशी गाठ. धिनिधी देसिंघू 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला गेली तेव्हा चौदा वर्षांची होती, ती बेंगळुरूचीच. आपल्या मुलांचं अंतर जास्त आहे, हे मला खरंच सलतं. पण सात वर्षांच्या मुलीला यातलं काही ऐकवू नकोस. दहाव्या वर्षापर्यंत चारही प्रकार नीट येऊ देत. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकदम भिंतीला लावायची सवय आत्ताच लागली तर पुढे बाद होण्याचं दुःख टळतं.

टिळकवाडीहून, तुझी ताई

•

पोरी,

ताईंनी टँकचं सगळं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. आम्ही खानापूरकडचे विहिरीत शिकलो. पाठीला रिकामा डबा बांधायचा, चुलता पायरीवर उभा, आणि महिन्याभराने डबा सुटायचा. ते पाणी उभं होतं, वाहतं नव्हतं. हा फरक नातीला नीट समजावून सांग. कणकुंबीच्या डोंगरात उगम पावणारी मलप्रभा पावसाळ्यात लाल होऊन येते, तेव्हा पट्टीचे पोहणारे काठावर बसून राहतात. टँकवर पदकं मिळवलेली पोरं सहलीला जातात आणि "आम्हाला येतं की" म्हणून नदीत उतरतात. तिला येतं, म्हणूनच तिला जास्त सांगावं लागेल.

खानापूरचे काका

•

ताई, काका, मंडळी,

येऊन सात आठवडे झाले. ताई म्हणाल्या तसं दोन टँकवर तासतासभर बसले. एका जागी कोच संपूर्ण वेळ पाण्याच्या काठाने चालत होते, एकदाही खुर्चीवर टेकले नाहीत. तिथेच नाव घातलं. पहिल्या दिवशी तीही दोरीला धरून थांबली. मी तयार होते म्हणून धावत गेले नाही. गेल्या आठवड्यात न थांबता पलीकडे पोहोचली.

कोच अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलतात. ती आता फेऱ्या "ओंदु, एरडु, मूरु" अशा मोजते आणि घरी येऊन आजीला शिकवते. तिच्या बॅचमध्ये तिघीच मुली आहेत. रिलेला चौथी हवी म्हणून रोज शाळेत कुणाला ना कुणाला विचारून येते. अनगोळ, वडगाव, शहापूर भागात कुणाची सहा ते आठ वर्षांची भाची, पुतणी असेल तर मला कळवा. सकाळी नेण्या-आणण्याची जबाबदारी माझी.

काका, दसऱ्याच्या सुट्टीत तिला घेऊन खानापूरला येते. नदी तुम्हीच दाखवा.

शहापूरहून