होम लोन लवकर फेडायचं की क्लिनिक आणि बाळासाठी साठवायचं? दोघांचं एकमत होत नाहीये

रावेतची_फिजिओ:
नमस्कार. बरेच दिवस इथलं वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. जून २०२१ मध्ये आम्ही दोघांनी मिळून रावेतला टू बीएचके घेतला, ५५ लाखांचं लोन, २० वर्षं, तेव्हा व्याज ६.६५ होतं आणि हप्ता साडेएकेचाळीस हजार. नंतर व्याज वाढत गेलं, २०२३ मध्ये बँकेने हप्ता ४४ हजार केला, आम्ही म्हटलं ठीक आहे, भरतोय तर भरतोय. आता ५७ हप्ते भरून झालेत, परवा ॲपवर स्टेटमेंट उघडलं तर मुद्दल अजून ५१ लाख ३० हजार आणि हप्ते बाकी २२२! २४० चं लोन, ५७ भरले, तर १८३ राहायला हवेत ना? तेव्हापासून नवऱ्याला झोप नाही. त्याचं म्हणणं आता महिन्याला जे ३० हजार उरतात ते सगळेच्या सगळे लोनमध्ये टाकू आणि आठ वर्षांत मोकळं होऊ. त्याच्या घरी लहानपणी विकास सोसायटीचं कर्ज कायम डोक्यावर असायचं, मार्च आला की वडिलांची जी धावपळ व्हायची ती त्याने बघितलीय, त्यामुळे कर्ज या गोष्टीचीच त्याला धास्ती आहे आणि ते मला मनापासून कळतं.

पण माझंही काही आहे. मी एका खाजगी हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, हातात ४५ हजार येतात, त्याचे ७८. दोनेक वर्षांत स्वतःचं छोटं क्लिनिक टाकायचंय, गाळ्याचं डिपॉझिट, ट्रॅक्शन टेबल, आयएफटी (दुखण्यावर विजेचा सौम्य शेक देणारं मशीन), अल्ट्रासाउंड मशीन वगैरे धरून ७ लाख तरी लागतील. शिवाय बाळाचा विचारही आता करायचाय, मी ३१ ची झाले. सासू-सासऱ्यांना गावी ८ हजार पाठवतो ते चालूच राहणार. बाजूला फक्त दीड लाखाची एफडी आहे. सगळं लोनमध्ये घातलं तर माझं क्लिनिक आठ वर्षांनी का? असं विचारलं की घरात शांतता. भांडण नाहीये, पण विषय पुढे सरकत नाही. तुम्ही जोडीने हे कसं ठरवलंत?

बँकवाले_काका:
ताई, आधी २२२ चं सांगतो कारण तो धक्का बऱ्याच जणांना बसलाय. मी सरकारी बँकेत क्रेडिटला होतो, आता निवृत्त. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराची होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला जोडलेली असतात, बहुतेकांची रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला. तुम्ही घेतलं तेव्हा रेपो ४ टक्के होता, मे २०२२ पासून चढत फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा झाला, म्हणजे तुमचं व्याज ९.१५ पर्यंत गेलं असणार. ५३ लाखांवर ९.१५ म्हणजे महिन्याला ४० हजारांच्या वर नुसतं व्याज, साडेएकेचाळीसच्या हप्त्यात मुद्दल जेमतेम हजार रुपये फिटत होतं. म्हणून बँकेने थोडा हप्ता वाढवला आणि बाकीचं मुदतीवर ढकललं. तुम्ही हप्ता चुकवला नाही, तरी लोन लांबलं ते यामुळे. २०२५ मध्ये रेपो उतरत ५.२५ वर आला, त्यामुळे आता तुम्ही ७.९० च्या आसपास असाल.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलंय, व्याज रीसेट होताना हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडंथोडं, हे ग्राहकाला विचारायला हवं, आणि थोडी किंवा पूर्ण रक्कम आधी भरायची मुभाही द्यायला हवी. तुम्ही व्यक्ती म्हणून फ्लोटिंग दराने घेतलंय, तर पार्ट पेमेंटला दंड लागत नाही.

आता हिशोब, मी एक्सेलवर मांडून बघितला. हप्ता ४४ चा साडेअठ्ठेचाळीस केलात तर साधारण १८२ हप्ते राहतात. म्हणजे नुसत्या साडेचार हजारांनी तुम्ही जिथे असायला हवं होतं तिथे परत येता. दहा हजार वाढवून ५४ केलात तर १५० हप्ते, आणि पुढचं एकूण व्याज १७ लाखांच्या आसपास कमी. आणखी दहा वाढवले तर ११४ हप्ते, वरचे साडेसात लाख वाचतात. पूर्ण तीसच्या तीस घातले तर ९३ हप्ते आणि अजून साडेचार लाख. दर बदलला की आकडे हलतील पण अंदाज हाच. हे यजमानांना दाखवा. प्रत्येक रुपयावर वाचणारं व्याज ७.९ टक्केच आहे, ते काही कमी होत नाही, पण लांबलेलं लोन आटोक्यात आणायचं मोठं काम पहिले दहा हजारच करतात, शेवटच्या दहांनी जेमतेम २१ हप्ते कमी होतात, आणि क्लिनिक तर त्या शेवटच्या दहावीस हजारांतूनच उभं राहणार.

चाकण_जनरलशिफ्ट:
मी यजमानांच्या बाजूने बोलणार. २०१९ ला ऑटोत मंदी आली तेव्हा आमच्याकडे ब्लॉक क्लोजर लागायचे, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद, महिन्याचा पगार किती येईल याचा भरवसा नाही, त्यात पुढच्या वर्षी लॉकडाउन. तेव्हा आम्ही नवराबायकोने ठरवलं की बोनस, अ‍ॅरिअर्स, जे येईल ते लोनमध्ये, आणि २०२४ ला मोकळे झालो. घराची कागदपत्रं बँकेतून हातात आली तो दिवस माझ्यासाठी फार मोठा होता, कुठल्याही म्युच्युअल फंडाच्या रिटर्नमध्ये ते समाधान मला मिळालं नसतं. पण एक सांगतो, आम्ही सहा हप्त्यांइतके पैसे आधी वेगळे काढले आणि मगच पार्ट पेमेंट सुरू केलं. तुमच्याकडे दीड लाख म्हणजे साडेतीन हप्ते पण नाहीत, त्यात घरखर्च धरलेलाच नाही. लोनमध्ये गेलेला पैसा परत मागता येत नाही, दवाखान्याचं बिल आलं तर मग पर्सनल लोन घ्यावं लागतं आणि त्याचं व्याज होम लोनच्या दीडपट सहज असतं.

सांगलीची_लेक:
ताई मी डेंटिस्ट आहे, स्वतःचा दवाखाना आहे, म्हणून राहवलं नाही. सगळे व्याजाचं बोलतायत पण तुझ्या बाबतीत क्रम जास्त महत्त्वाचा आहे. बाळ आधी की क्लिनिक आधी? तू पगारावर आहेस तोवर कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यासाठी बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस तिथे काम झालेलं असावं लागतं. महिन्याला ४५ हजार धरले तर ही रजा म्हणजे अडीच लाखांच्या वर झाली. क्लिनिक आधी काढलंस की तू स्वतःच मालक, रजा कोण देणार, आणि नवीन क्लिनिक सहा महिने बंद ठेवलं तर पेशंट दुसरीकडे जातात. नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत मॅटर्निटी किती कव्हर आहे ते आजच बघ, वैयक्तिक पॉलिसी आत्ता घेतलीस तर त्यात मॅटर्निटीला वेटिंग पिरियड असतो.

दुसरं, क्लिनिकचे सात लाख आत्ता लोनमध्ये घालून नंतर व्यवसायासाठी कर्ज काढणं मला पटत नाही. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेतून तरुण गटात १० लाखांपर्यंत तारण न ठेवता मिळतं, पण व्याज होम लोनपेक्षा जास्तच बसतं आणि मुदत छोटी, म्हणजे पहिल्या वर्षी पेशंट जमायच्या आधीच हप्ता डोक्यावर. स्वस्त कर्ज घाईने फेडून महाग कर्ज घ्यायचं कशाला?

आणि एक मनातलं. क्लिनिक ही तुझी हौस म्हणून मांडू नकोस घरात. पंचेचाळीस हजारांवर किती वर्षं राहणार? चाललं तर घरात येणारा पैसा वाढतो आणि त्यातूनच लोन पण लवकर फिटतं. नवऱ्याशी बोलताना ते याच आकड्यात बोल.

हिंजवडी_फेज३:
ओव्हरड्राफ्टवालं होम लोन कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. एसबीआयचं मॅक्सगेन आहे तसं, इतर बँकांचीही आहेत. जादाचे पैसे लोनच्या खात्यात ठेवायचे, तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि लागले तर काढताही येतात. तुमच्यासारखं दोन वर्षांत ७ लाख लागणार आहेत त्यांना बरं पडतं. दर साध्या लोनपेक्षा किंचित जास्त असतो आणि चालू लोन तिकडे न्यायचं तर प्रोसेसिंग फी, कागदपत्रं सगळं परत, त्यामुळे ते वजा करून फायदा उरतो का ते बघा. हात राखून खर्च करणारे असाल तरच घ्या, कारण दिसतायत म्हणून पैसे काढले जातात.

टॅक्सचं पण बघा. दोघंही न्यू रेजीममध्ये (नव्या कर पद्धतीत) असाल तर राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट मिळत नाही, म्हणजे ७.९ हे खरोखरच ७.९ पडतं. पण ताई, तुमचा पगार वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास, एफडीचं व्याज धरूनही तुम्हाला आयकर शून्यच येईल, म्हणून साठवायचे पैसे तुमच्या पगारातून तुमच्याच नावाने ठेवा. एफडीला साडेसहा धरलं तर लोनशी फरक १.४ टक्के. ४ लाख बाजूला ठेवण्याची किंमत वर्षाला ५,६०० रुपये झाली, अडचणीला पैसे हाताशी राहतात त्यासाठी एवढी मोजायला काय हरकत आहे. दोन वर्षांचं ध्येय असेल तर इक्विटी एसआयपीत मात्र घालू नका, नेमकं डिपॉझिट भरायच्या महिन्यात बाजार खाली असेल तर?

रावेतची_फिजिओ:
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री जेवण झाल्यावर दोघांनी बसून सगळं वाचलं. काकांचं १७ लाख, साडेसात, साडेचार असं उतरत जाणारं गणित बघून तो पहिल्यांदा म्हणाला की सगळेच्या सगळे घालायची गरज नाही. आणि चाकणवाल्या दादांचं वाचून मी पण मान्य केलं की सहा हप्त्यांचे पैसे माझ्या मशीनच्या आधी यायला हवेत. तूर्त असं ठरतंय की हप्ता दहाने वाढवून ५४ करायचा, म्हणजे त्याच्या मनाला रोज दिसेल असं लोन उतरायला लागेल. उरलेले २० माझ्या नावाच्या आरडीत, आधी एफडीचे दीड लाख धरून चार लाख होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, पुढे ते क्लिनिकचे. त्याचा दिवाळी बोनस अर्धा लोनला अर्धा क्लिनिकला. बाळ आधी, हे तर वाचता वाचताच ठरलं, क्लिनिक मग दोनच्या जागी साडेतीन वर्षांनी होईल कदाचित, पण रजेत माझा पगार चालू राहील आणि आरडी पण. एकच विचारायचंय काका, हप्ता वाढवायला बँकेत नेमकं काय मागायचं? मागे एकदा शाखेत गेलो तर ॲपवरून करा म्हणाले आणि ॲपवर तो ऑप्शनच नाही.

बँकवाले_काका:
लेखी अर्ज द्या, लोन दोघांच्या नावावर आहे म्हणून दोघांच्या सह्या. अर्जात स्पष्ट लिहा की हप्ता वाढवून मुदत कमी करावी आणि नवीन रीपेमेंट शेड्यूल द्यावं. पोच घ्या. पार्ट पेमेंट कराल तेव्हाही हेच लिहा, नाहीतर काही ठिकाणी मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून देतात आणि तुमचा हेतू बाजूला राहतो. त्याच वेळी तुमचा स्प्रेड, म्हणजे रेपोच्या वर बँक लावते तो टक्का, किती आहे ते विचारा, नवीन ग्राहकाला आज कमी दराने देत असतील तर जुन्यालाही थोडी फी भरून कमी करून मागता येतो. पाव टक्का जरी उतरला तरी ५१ लाखांवर वर्षाला बारा-तेरा हजार होतात. आणि यजमानांचा टर्म प्लॅन किमान लोनएवढा आहे का ते बघा, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी गेलाय. तुमच्या नावाचाही घ्या, हप्ता तुमच्याही पगारावर चाललाय.