मदत हवी आहे : ॲप आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांतला फरक नववीच्या मुलांना कसा समजावून सांगावा?

नमस्कार. मी नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला संगणक शिकवते. जूनअखेरीस आमच्या विदर्भातल्या शाळा उघडल्या की पहिले आठ तास मोबाईल ॲप आणि मोबाईलच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी द्यायचे आहेत. त्यांची आखणी करताना मी एका ठिकाणी अडकले आहे.

मुलांना फोन उत्तम वापरता येतो. परंतु गेल्या वर्षी "तुमच्या घरच्या फोनमध्ये कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे?" असे विचारले, तेव्हा काहींनी फोनच्या कंपनीचे नाव सांगितले, तर काहींनी प्ले स्टोअर हेच उत्तर दिले. ॲप पडद्यावर दिसते, त्याच्याखाली चाललेली व्यवस्था दिसत नाही, म्हणून ती त्यांच्या लेखी नसतेच.

तेव्हा मी महालातल्या बुधवार बाजाराचे उदाहरण घेतले. बाजार म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि दुकाने म्हणजे ॲप. जागा, वीज, पाणी बाजाराकडून मिळते आणि एका दुकानदाराला दुसऱ्याच्या गल्ल्यात हात घालता येत नाही. अँड्रॉइड हे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर उभे असून प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानून त्याची माहिती वेगळी ठेवते, हे मुलांना यावरून चटकन समजले. पण मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे उघडी असलेली ॲप आपणहून बंद करते, हे सांगताना उदाहरण तोकडे पडले, कारण जागा कमी पडली म्हणून बाजार कोणाचे दुकान परस्पर बंद करत नाही. याहून नेमके उदाहरण कोणी वर्गात वापरले आहे का?

परवानग्यांचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साध्या टॉर्चच्या ॲपने संपर्कयादी मागितली, तर ती का द्यायची, हा प्रश्न मुलांना स्वतःला पडायला हवा. शाळेकडे दोन जुने फोन आहेत, एक अँड्रॉइड ५ चा आणि एक ९ चा. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून कॅमेरा, संपर्क, स्थान यांसारख्या परवानग्या ॲप वापरताना वेगवेगळ्या विचारल्या जाऊ लागल्या. त्याआधी ॲप बसवतानाच सगळ्यांना एकदम होकार द्यावा लागे. तेच ॲप दोन्ही फोनांवर बसवून हा बदल प्रत्यक्ष दाखवावा, असा माझा विचार आहे. प्रश्न असा की याच प्रयोगाने सुरुवात करून मग ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळावे, की आधी अँड्रॉइड, आयओएस आणि काही साध्या फोनांमधील कायओएस यांची ओळख करून द्यावी? मला पहिला क्रम पटतो, पण पाया कच्चा राहील अशी धास्ती वाटते.

शेवटच्या दोन तासांत एमआयटी ॲप इन्व्हेंटर या ॲप बनवण्याच्या संकेतस्थळावर सूचनांचे ठोकळे जोडून एखादे छोटे ॲप करून घ्यायचे आहे. आमच्याकडे चालू संगणक सहा, मुले बेचाळीस आणि इंटरनेट मधूनमधून जाणारे. ॲप इन्व्हेंटर ब्राउझरमध्ये चालत असल्यामुळे नेट गेले की काम थांबते. सात-सात मुलांच्या गटाने हे कोणी करून घेतले असेल, तर वेळ कसा वाटला आणि ठोकळ्यांची मांडणी आधी कागदावर करून घेतल्याचा उपयोग झाला का, हे कृपया सविस्तर लिहावे.